साखरखेर्ड्याची वाट व एक चिमुकला ट्रक

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें गांव आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें नसेल; इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्याचें नांव एकदां तरी त्यांच्या नजरेखालून गेलें असेल. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत याच गांवाच्या शिवारांत निजाम-उल्-मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली, तींत मुबारिझखान पडला, आणि दिल्लीचें नांव तोंडीं ठेवून दक्षिणेंत आपल्या मनाप्रमाणें राज्य करण्याची वाट निजामास मोकळी झाली. बाजीराव पेशवे त्या वेळीं निजामाच्या साह्यास होते. पुढें पालखेड व भोपाळ येथें काय घडलें हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही गोष्ट थोडी चमत्कारिक वाटेल. जयाच्या आनंदांत निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें. सरकारी कागदांत तें बरींच वर्षें टिकलें. लोकांच्या तोंडची साखर मात्र गेली नाहीं.

आमचा या गांवाशीं असलेला संबंध इतका ऐतिहासिक नाहीं. आमच्या पणजोबांचा वाडा तेथें आहे. त्याची एक पडवी व दोन खण आज उभे आहेत. बाकीचा वाडा पावसानें थोडा थोडा करून परत मातीला मिळविला. घराणें पुण्यास येऊन आतां ही तिसरी पिढी चालली आहे. घरांतील मुलांस साखरखेर्डा म्हणजे वडील माणसें ज्याच्या गोष्टी सांगतात तें एक ठिकाण, एवढीच ओळख. अपवाद एक आमच्या आत्याबाईंचा. त्यांचा जन्म त्या वाड्यांतला, लग्न होईपर्यंतचें सारें आयुष्य तेथलें, आणि आज ब्यायशींव्या वर्षीं चैत्र जवळ आला कीं त्यांच्या बोलण्यांत रामनवमी येऊं लागते. ती पुण्यांतली नव्हे, साखरखेर्ड्याची. तेथील राममंदिर आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचें नांव हीं त्या भागांतील लोकांच्या मनांत एकमेकांस लागूनच असतात. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांचे शिष्य जालन्याचे रामानंद महाराज, व त्यांचे शिष्य प्रल्हाद महाराज, अशी ही परंपरा होय.

गेल्या श्रावणांत न्हाणीघरांत पाय घसरून आत्याबाई पडल्या. हाडें वयानें ठिसूळ झालेलीं. कंबरेच्या वरचा एक मणका दबला. तीन महिने पाठीस पट्टा होता. मार्गशीर्षांत त्या घरांतल्या घरांत हिंडूं फिरूं लागल्या, आणि पौषांत त्यांनीं आपला हेतु बोलून दाखविला. डॉक्टरांस विचारिलें. ते म्हणाले, प्रवासास माझी हरकत नाहीं, परंतु पाठीस हिसका बसतां कामा नये; बसला तर दुसरा मणका जाऊं शकेल, आणि मग अंथरूण सुटणें कठीण.

घरांत अर्थातच दोन पक्ष झाले. वहिनींचें म्हणणें, "एवढी एक इच्छा राहिली, तर आपणांस जन्मभर लागून राहील." वडीलबंधूंचें म्हणणें, "आणि वाटेंत कांहीं झालें, तर काय राहील?" दोन्ही म्हणणीं खरीं असल्यामुळें वाद मिटण्याचें चिन्ह दिसेना. आत्याबाई स्वतः कांहींच बोलत नसत. त्या आपल्या ट्रंकेंतलें जुनें लुगडें काढून उन्हांत घालीत व पुन्हां घडी करून ठेवीत, आणि तें आम्हां सर्वांस बोलण्यापेक्षां अधिक जड जाई. अखेर, आधीं कोणीतरी जाऊन रस्ता पाहून यावा असें ठरलें. घरांत रिकामा मनुष्य आम्हीच, म्हणून ती कामगिरी आमच्याकडे आली. मोटार वडीलबंधूंची, चालविणारा नेहमींचा, आणि दिवस माघांतले.

आमच्याबरोबर पुतण्यानें येण्याचा हट्ट धरला. वय चौदा, शाळेस चार दिवसांची सुटी होती. येतांना त्यानें आपला ट्रक बरोबर घेतला. हा ट्रक म्हणजे खऱ्या शर्यतीच्या ट्रकाच्या एकदशांश मापाचें, हातभर लांबीचें वाहन होय. वजन सुमारें अडीच किलो, पोटांत विजेची मोटर व बॅटरी, आणि हुकूम सारा रेडिओच्या लहरींवरून. लहरींच्या योगानें दूरचें यंत्र चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें १८९८ सालीं एका लहानशा बोटीवर लोकांस करून दाखविला होता. मोटारींच्या खेळास जोर आला तो पुष्कळ पुढें. जपानांतील तामिया कंपनीनें आपली पहिली रेडिओची मोटार बाजारांत आणली तें साल १९७६. आमच्या पुतण्यानें दोन वर्षांची ओवाळणी व खाऊचे पैसे सांठवून हा ट्रक घेतला होता, आणि वडीलबंधूंच्या मतें ते सर्व पैसे पाण्यांत गेले होते. "दहावी तोंडावर आली आणि हा दिवसभर तेलाच्या बाटल्या घेऊन बसतो," हें वाक्य आम्हीं त्यांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्यांनीं 'दहावी' असा आरंभ करतांच मुलगा बाटल्या आवरूं लागे. त्या बाटल्या कशाच्या, हें मात्र घरांत कोणीं विचारिलें नव्हतें. आम्हीं सुद्धां नाहीं.

पुण्याहून अहिल्यानगर, तेथून छत्रपति संभाजीनगर, आणि पुढें समृद्धि महामार्ग. मुंबईपासून नागपुरापर्यंत जाणारा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता २०२२ च्या डिसेंबरापासून टप्प्याटप्प्यानें खुला होत गेला व २०२५ च्या जूनमध्यें पुरा झाला. त्यावर मोटार धांवूं लागली म्हणजे पोटांतलें पाणी हलत नाहीं. सिंदखेडराजास आम्ही तो सोडला. लखुजी जाधवांच्या वाड्याचें तें भव्य प्रवेशद्वार, १२ जानेवारी १५९८ रोजीं जेथें जिजाबाईंचा जन्म झाला तें ठिकाण, १६२९ सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत मारल्या गेलेल्या लखुजींची समाधि, हीं सर्व आम्हीं पाहिलीं. परंतु त्यांविषयीं इतक्यांनीं लिहिलें आहे कीं येथें त्यांवर शाई खर्चण्याचें कारण नाहीं.

तेथून पुढें आमची खरी कामगिरी सुरू झाली. कोठें डांबर होतें, कोठें डांबराची आठवण होती. यांत केवळ माणसांचाच दोष आहे असेंहि नव्हे. हा सारा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या पाठीवर घातलेला रस्ता ती दर वर्षीं थोडा उचलते व थोडा खालीं सोडते. कपाशीला व तुरीला जें मानवतें तें डांबराला मानवत नाहीं. आम्ही मुद्दाम मागल्या बैठकीवर, आत्याबाई बसतील म्हणून धरलेल्या जागीं बसलों होतों, व हातांत वही घेऊन प्रत्येक हादरा टिपीत होतों. एक हादरा बसे आणि त्यामागून मोटार तीन-चार वेळां हेलकावे खाई. गांव येईपर्यंत वहींत एकतीस नोंदी झाल्या, आणि आमच्या स्वतःच्या पाठीनें वडीलबंधूंच्या पक्षास मत देऊन टाकिलें.

गांवांत आमची जमीन कसणारे एक वृद्ध कास्तकार गृहस्थ आहेत. घरांत सर्वजण त्यांस दादा म्हणतात. त्यांनीं पडवी झाडून, सडा घालून ठेविली होती. संध्याकाळीं राममंदिरांत जाऊन आलों. मंदिराच्या दाराशीं किती पायऱ्या, खुर्ची कोठवर नेतां येईल, सावली कोठें पडते, हें सर्व पाहून घेतलें. वीरशैवांचा पलसिद्ध मठहि याच गांवीं आहे. त्याच्याहि दारावरून गेलों. देवळें व मठ असलेल्या या शांत गांवाच्या कडेस एके दिवशीं हजारों माणसें कापलीं गेलीं असतील, हें संध्याकाळच्या त्या उजेडांत खरें वाटेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या ट्रक घेऊन पांधणींत गेला. शेतांकडे जाणारी ती वाट. पावसाळ्यांत बंड्यांच्या चाकांनीं पाडलेल्या चाकोऱ्या आणि बैलांच्या खुरांचे खळगे आतां दगडासारखे घट्ट झाले होते. ट्रक सुटला, दहा हात गेला, चेंडूसारखा उसळला आणि उताणा पडला. उचलून पुन्हां सोडला, पुन्हां उताणा. दादा धुऱ्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "हे तं आमच्या गोऱ्ह्यावानी उधयते जी!"

मुलगा रागावला नाहीं. त्यानें पडवींत चटई टाकिली, ट्रक उलटा केला, आणि आम्हीं प्रथमच त्याच्याजवळ बसून तो काय करतो तें पाहिलें. प्रत्येक चाकापाशीं एक नळकांडें होतें. बाजारांतले मोटारवाले ज्यास शॉकअप म्हणतात तेंच हें, फक्त बोटाएवढें. त्याच्या भोंवतीं स्प्रिंग, आंत तेल, तेलांत एका दांड्याच्या टोंकास बसविलेली चकती, आणि त्या चकतीस सुईच्या जाडीचीं दोन-तीन भोकें. चाक वर आलें कीं स्प्रिंग दबते व चकती तेलांतून सरकते. तेलास त्या बारीक भोकांतूनच वाट काढावी लागते, म्हणून ती सावकाश सरकते.

"मग एकटी स्प्रिंग कां पुरत नाहीं?" आम्हीं विचारिलें.

"काका, स्प्रिंग धक्का घेते, पण ठेवून घेत नाहीं. घेतलेला सगळा परत देते. तेल तो जिरवतें. तुम्ही हात लावून बघा, पळवून आणल्यावर नळी गरम लागते."

ट्रक पुण्यास इमारतीखालच्या गुळगुळीत फरशीवर पळविण्यासाठीं जुळविलेला होता. तेथें वळणावर तो एका अंगास कलूं नये म्हणून ताठ स्प्रिंगा, दाट तेल, आणि पोट जमिनीस जवळजवळ लागलेलें. पांधणींत हेंच सर्व उलट पडलें. त्यानें प्रथम स्प्रिंगा बदलून मऊ घातल्या. आम्हांस वाटलें, झालें. ट्रक या वेळीं उसळला नाहीं, परंतु ओळीनें चार-पांच खळगे आले तेव्हां प्रत्येक खळग्यास थोडा थोडा खालीं बसत गेला, आणि पांचव्यास त्याचें पोट मातीवर आपटलें. कारण त्यानें सांगितलें तें असें : स्प्रिंग मऊ, तेल मात्र पूर्वींचेंच दाट, एका धक्क्यानंतर चाकास परत खालीं यावयास वेळ मिळण्यापूर्वींच दुसरा येतो. तेव्हां त्यानें तेल काढून अगदीं पातळ भरलें. आतां ट्रक खळग्यांतून सुरेख जाई, पण शेवटच्या खळग्यानंतरहि झुलत राही. थांबल्यावर सुद्धां दोन वेळां मान डोलवी. दादांस तो प्रकार फार आवडला.

तेलाच्या बाटल्यांवर अंक असतात. अंक मोठा तसें तेल दाट. ज्यास तीस अंकाचें म्हणतात तें एका पद्धतीनें मोजतात, व त्याच तेलास दुसरे लोक सुमारें साडेतीनशें सेंटिस्टोक म्हणतात. या दोन भाषांमुळें नवशिक्यांचा पुष्कळ गोंधळ होतो, असें आम्हांस ऐकावयास मिळालें. मुलानें तीस अंकाचें तेल घेतलें. भरतांना चकती हलकेच वर खालीं करून तेलांतले हवेचे बुडबुडे निघूं दिले. हवा राहिली तर ती दबते, तेल दबत नाहीं, आणि मग चार नळ्या चार तऱ्हांनीं वागतात. घाईनें भरलेली एक नळी तशी वागलीच. तिच्यांत एक बुडबुडा निघाला व ती पुन्हां भरावी लागली. वरचीं टोंकें त्यानें एकेक भोक आंतल्या बाजूस सरकवून बसविलीं, म्हणजे नळी जरा तिरपी झाली व तिचा पहिला ताठा कमी झाला. चाकें अधांतरीं धरलीं असतां तीं किती खालीं लोंबतात हेंहि पाहिलें. आम्हांस याचा अर्थ लागेना. तो म्हणाला, "काका, उंचवटा आला तर चाक वर जायला पाहिजे हें सगळ्यांना कळतं. खड्डा आला तर चाक खालीं जायला पाहिजे, हें कुणी बघत नाहीं."

अखेर परीक्षा. ट्रक वीतभर उंचीवरून फरशीवर सोडला. तो खालीं बसला, एकदां वर आला, आणि जागच्या जागीं स्थिर झाला. पांधणींत नेला तेव्हां खळग्यांतून चाकें एखाद्या कोळ्याच्या पायांसारखीं वर खालीं नाचत होतीं आणि वरचें धड मात्र संथ चाललें होतें. आम्हीं त्या धडाकडेच पाहत राहिलों. माणूस बसतो तो धडावर, चाकांवर नव्हे.

दुपारीं दादांनीं आम्हांस जुनी दमणी दाखविली. गोठ्यामागें ती अंग टाकून पडली होती. धावा निघालेल्या, एका चाकाचे दोन आरे गेलेले. आत्याबाई लहानपणीं हिच्यांतूनच मेहकराकडे जात. दादा तरुणपणीं शंकरपटांत बैल हाकीत असत. त्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरांत ती महाराष्ट्रापुरती उठली, व २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला, हें सर्व त्यांस तारखांनिशीं पाठ होतें. पटाच्या गाडीस कसली स्प्रिंग आली! हाकणाऱ्याचे गुडघे हेच तिचे शॉकअप. परंतु म्हातारें माणूस न्यावयाचें असेल तर? आम्हीं सहज विचारिलें. दादांनीं दमणीच्या कण्यावर हात ठेविला व म्हणाले, "याच्यावर नाई बसवत. इथं सारा दणका येते. याच्या पुढं, जुवाकडं बसवाचं. अन् खाली कडबा, त्याच्यावर वाकय. कडबा दबते, पण उसयत नाई."

पुतण्या ऐकत होता. तो एकाएकीं उठला आणि अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीकडे गेला. तिच्या पुढल्या एका कोपऱ्यावर दोन्ही हात टेंकून त्यानें जोरानें खालीं दाबलें व सोडून दिलें. मोटार एकदां वर आली व थांबली. दुसरा कोपरा; तसेंच. मागल्या डाव्या कोपऱ्यावर मात्र ती वर आली, खालीं गेली, पुन्हां वर आली, पुन्हां खालीं गेली. त्यानें आमच्याकडे पाहिलें. मग तो उताणा होऊन चाकामागें शिरला व बोट बाहेर काढून दाखविलें. बोटास तेल लागलें होतें, धुळीनें काळें झालेलें.

आमच्या वहींतल्या एकतीस नोंदी आम्हांस आठवल्या, आणि प्रत्येक हादऱ्यामागचे ते तीन-चार हेलकावे. आम्हीं सारा दोष रस्त्यावर टाकून तो लेखी करून ठेविला होता. चालकानें चाकांतील हवाहि मोजून पाहिली. महामार्गासाठीं म्हणून त्यानें ती दाराच्या चौकटींतल्या तक्त्यावर सांगितली आहे त्याहून बरीच अधिक भरली होती.

पुण्यास आल्यावर ही गोष्ट सांगावयाची कोणीं, हा प्रश्न होता. मोटार महिन्यापूर्वींच एका कारखान्यांत तपासून आणलेली. कारखान्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. वडीलबंधूंनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाले, "कारखान्याच्या माणसांना दिसलें नाहीं, तें याला दिसलें? खेळण्यावरून?" मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. वहिनी मध्यें पडल्या नाहींत. हें त्यांनीं फार चांगलें केलें असें आम्हांस वाटतें. वडीलबंधु उठले, खालीं गेले, आणि गच्चीवरून आम्हीं पाहिलें तों ते स्वतः मोटारीच्या मागल्या कोपऱ्यावर हात टेंकून तिला दाबीत होते. डावा कोपरा झाला. मग उजवा. मग पुन्हां डावा.

दुसऱ्या दिवशीं मोटार दुसऱ्या कारागिराकडे गेली. मागले दोन्ही शॉकअप बदलले. एकच बदलला तर दोन बाजू दोन तऱ्हांनीं वागतात, म्हणून जोडीनें बदलावे लागतात. वडीलबंधूंनीं त्याविषयीं घरांत एक अक्षर काढलें नाहीं. मात्र त्यानंतर 'दहावी' या शब्दानें सुरू होणारें वाक्य आम्हीं ऐकलें नाहीं, आणि रामनवमीस जावयाचें कीं नाहीं हा वादहि पुन्हां निघाला नाहीं. जावयाचें, एवढें न ठरवितां ठरलें.

चैत्र शुद्ध सप्तमीस आम्ही निघालों. पहिला मुक्काम छत्रपति संभाजीनगरास एका आप्तांकडे केला. आत्याबाईंस मागें न बसवितां पुढें, चालकाच्या शेजारीं बसविलें. मागली बैठक मागल्या कण्याच्या जवळजवळ वर येते. पुढली दोन्ही कण्यांच्या मध्यें येते. दादांचा कडबा मोटारींत घालतां येत नव्हता, म्हणून वहिनींनीं एक जुनी, बसकी गोधडी चौघडी करून पाठीमागें दिली. फुगीर उशी पुतण्यानें काढावयास लाविली. चाकांत हवा तक्त्याप्रमाणें. दर दीड तासानें थांबून त्यांस उतरवून चार पावलें चालविलें. सिंदखेडराजा सोडल्यावर मोटार सायकलीच्या वेगानें चालली, आणि आम्ही सर्वजण मागें बसून श्वास रोखून धरीत होतों.

एवढें करूनहि एका वस्तीपाशीं, झाडाच्या सावलींत न दिसलेला गतिरोधक आलाच. मोटार चढली, उतरली. मागच्या तिघांच्या तोंडून एकदमच 'आत्या!' असा शब्द निघाला. मोटार एकदां दबली व स्थिर झाली. आत्याबाईंनीं डोळे मिटले होते, ते उघडून त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतां? रस्त्याकडे बघा." थोडें पुढें गेल्यावर त्यांनीं ओढ्याकडे बोट करून तेथें पूर्वीं कोणाचें वांग्याचें वावर होतें तें सांगितलें. ती माहिती खरी कीं खोटी हें तपासण्यास आज कोणी हयात नाहीं.

नवमीस दोन प्रहरीं रामजन्म झाला. आत्याबाईंस गर्दींत आंत नेतां आलें नाहीं. माघांत पाहून ठेविलेल्या सावलींत खुर्चीवर त्या बसल्या. वांकून नमस्कार करावयाचा नाहीं असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें, म्हणून त्यांनीं नुसते हात जोडले, आणि ते कितीतरी वेळ जोडलेलेच ठेविले. सुंठवडा हातावर पडला तेव्हां त्यांनीं तो आधीं हुंगला. रात्रीं पाठ दुखली. खरें तें सांगावयास हवें. शेक दिला, डॉक्टरांनीं लिहून दिलेली गोळी दिली, वहिनी त्यांच्याजवळ बसून राहिल्या आणि वडीलबंधु पडवींत येरझारा घालीत राहिले. पहांटे त्यांस झोंप लागली, व सकाळीं त्या काठी घेऊन आपण होऊन अंगणांत आल्या. दशमीस परत निघावयाचें होतें. त्या म्हणाल्या, "हनुमानजयंतीपर्यंत मी इथें राहतें. तुम्हांला कामें असतील तर तुम्ही जा." वहिनी राहिल्या, बाकीच्यांस एकादशीपर्यंत तरी राहणें भाग पडलें.

दशमीस संध्याकाळीं ऊन उतरल्यावर आत्याबाईंनीं ट्रक मागितला. पुतण्यानें त्यांच्या हातांत रिमोट देऊन दोन्ही चाप समजावून दिले. ट्रक अंगणांतून निघाला, पडक्या वाड्याच्या विटांवरून चढला, उतरला, आणि तुळशीवृंदावनास जाऊन धडकला. "अग बाई!" असें म्हणून त्यांनीं रिमोट टाकून दिला व मग पुन्हां मागून घेतला. वडीलबंधु पायरीवर बसून पाहत होते. चैत्राचें ऊन माघासारखें नसतें. दिवसभर भाजलेल्या अंगणांत ट्रक विटांवरून उतरल्यावर थोडा झुलत होता, तें त्यांनीं दोन-तीन वेळां पाहिलें.

"आंत तेल कितीचें आहे?" त्यांनीं विचारिलें.

"तीसचें," मुलगा म्हणाला.

"उन्हानें पातळ झालें असेल. पस्तीसचें आणलें आहेस का?"

मुलानें आणलें होतें. तो बाटली काढावयास आंत गेला, आणि वडीलबंधूंनीं चटई अंथरली.